पाऱ्याच्या यंत्रांवर काम करतो, रक्तदाब वाढलाय. संबंध असू शकतो का?

उपकरणवाला

नमस्कार. प्रश्न लांब आहे, पण तपशील न देता विचारलं तर उत्तर देणाऱ्यालाही अंदाजपंचे बोलावं लागेल. म्हणून सगळं लिहितो.

मी पाऱ्याची उपकरणं दुरुस्त करतो. मुख्यतः रक्तदाब मोजायची यंत्रं, त्याशिवाय हवामापक आणि प्रयोगशाळांतले लांब थर्मामीटर. वय ४७, तंबाखू-सिगारेट नाही, वजन बेताचं, साखर नॉर्मल. ज्यांनी हे काम जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. यंत्र जुनं झालं की पाऱ्यावर काळपट थर धरतो, तो काचेच्या नळीला आतून चिकटतो आणि आकडे दिसेनासे होतात. मग टाकी उघडून पारा बाटलीत ओतून घ्यायचा, नळी काढून आतून पुसायची आणि पारा टोकाला टाचणीएवढं भोक ठेवलेल्या कागदी शंकूतून गाळायचा. मळ कागदाला राहतो, खाली स्वच्छ पारा उतरतो. तो परत भरून शून्याच्या रेघेवर आणायचा. नळीच्या डोक्यावरची चामड्याची चकती बुजली असेल तर तीही बदलायची. एका यंत्रात १०० ग्रॅमपर्यंत पारा असतो.

आता दुरुस्ती कमी झाली आहे. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारात पाऱ्याची अशी यंत्रं बनवणं आणि त्यांची आयात-निर्यात २०२० नंतर थांबवायचं ठरलं. तेव्हापासून दवाखाने जुनी यंत्रं एकगठ्ठा काढून टाकताहेत. ती माझ्याकडे रिकामी करायला येतात. उघडायची, पारा बरणीत काढायचा, बरणी भरली की पुढे पाठवायची, दिवसभर हेच. खोलीला एक खिडकी आहे, पण धूळ येते म्हणून ती बहुतेक वेळा बंद असते.

माझा दाब आधी १२४/८० च्या आसपास असायचा. आता १५०/९६ निघाला. दोन वेगळ्या यंत्रांवर, वेगळ्या वेळी बघितला तरी तेवढाच. नाडी बसल्या जागी ९६. डॉक्टरांनी अॅम्लोडिपिन ५ सुरू केली. कामाचं सांगितल्यावर लघवीतला पारा तपासायला सांगितला. रिपोर्ट आला २८ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम क्रिएटिनिन. खाली छापलं आहे, ‘३५ पर्यंत सामान्य’. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची नेहमीची तपासणी, ठीक आहे.

आता प्रत्येक जण वेगळं सांगतोय. एकाचं म्हणणं, पाऱ्यानं मेंदू आणि किडनी बिघडते, हृदयाचा काही संबंध नाही. दुसरा म्हणतो मासे ताबडतोब बंद कर. तिसऱ्यानं एका ठिकाणचा पत्ता दिला, तिथे सलाइनमधून औषध सोडून शरीरातला पारा ‘धुऊन’ काढतात म्हणे. मला सरळ उत्तर हवं आहे. वाढलेल्या दाबाचा आणि माझ्या कामाचा संबंध आहे का, आणि मी आता नेमकं काय करू? घरात मीच एकटा कमावता आहे. काम एकदम सोडता येणार नाही, आणि तब्येतीशी खेळायचंही नाही.

सफेद कोट

मी व्यवसायजन्य आजारांचा डॉक्टर आहे. तुम्ही इतकं नीट लिहिलंत म्हणून उत्तर देणं सोपं झालं.

सर्वांत आधी: गोळी बंद करू नका. वाढलेला दाब कशामुळेही असो, तो धमन्यांना, किडनीला आणि हृदयाच्या डाव्या कप्प्याला तेवढाच त्रास देतो. कारण शोधायचं ते गोळी चालू ठेवून.

आता पारा. पारा म्हणजे एकच पदार्थ असं समजून बोललं की सगळा गोंधळ होतो. तुमच्या बाकावर आहे तो धातूरूप पारा. तो चुकून गिळला गेला तर आतड्यातून जवळजवळ शोषलाच जात नाही, ०.०१ टक्क्याहूनही कमी. पण त्याचीच वाफ श्वासातून गेली तर सुमारे ८० टक्के शरीरात राहते. फुप्फुसातून रक्तात उतरते, तांबड्या पेशींत आणि ऊतींमध्ये कॅटलेज नावाच्या एन्झाइममुळे तिचा आयन होतो आणि तो मुख्यतः किडनीत साठतो. माशांत असतो तो मिथाइल पारा, त्याची वाट पूर्ण वेगळी. त्यावर दुसरं कुणी लिहील, मी तुमच्या वाफेवर बोलतो.

या वाफेला वास नाही, रंग नाही. २० अंश सेल्सिअसला बंद जागेत पारा उघडा राहिला तर हवा जास्तीत जास्त घनमीटरला १४ मिलिग्रॅमपर्यंत वाफ धरू शकते. कामाच्या जागेसाठी एसीजीआयएच ही अमेरिकी संस्था जी मर्यादा सुचवते ती आहे ०.०२५ मिलिग्रॅम. म्हणजे पाचशे पटींहून जास्त अंतर. प्रत्यक्ष खोलीत हवा इतकी भरत नाही हे खरं, पण खिडकी बंद ठेवून दिवसभर बरण्या उघड्या ठेवल्या तर मर्यादा ओलांडायला फार काही लागत नाही. तापमान १० अंशांनी वाढलं की वाफ साधारण दुप्पट होते, हेही ध्यानात ठेवा.

तुमच्या रिपोर्टवरचा ३५ हा आकडा जुना आहे. एसीजीआयएचनंच तो पुढे २० वर आणला. ज्यांचा पाऱ्याशी कामातून संबंध नाही त्यांच्या लघवीत बहुधा ५ च्या आत असतो. म्हणून २८ ला ‘सामान्य’ म्हणायला मी तयार नाही. तुम्हाला विषबाधा झाली आहे असंही नाही. शरीरात पारा येतोय आणि येण्याचा वेग कमी करायला हवा, असा त्याचा सरळ अर्थ.

संबंध आहे का? पाऱ्याची मात्रा जास्त झाली की दाब आणि नाडी दोन्ही वाढू शकतात, यात शंका नाही. याचं सर्वांत ठळक उदाहरण लहान मुलांचं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दात येताना मुलांना कॅलोमेलची, म्हणजे पाऱ्याच्या क्षाराची पूड देत. काही मुलांचे हातपाय गुलाबी होऊन सोलत, खूप घाम येई, चिडचिड होई, नाडी धावे आणि रक्तदाब चढे. त्या पुड्या बाजारातून गेल्या आणि तो आजारही जवळजवळ दिसेनासा झाला. घडतं ते असं: अॅड्रेनालिन आणि नॉरअॅड्रेनालिन मोडण्यासाठी शरीरात सीओएमटी नावाचं एन्झाइम असतं. पारा त्याचं काम अडवतो. संप्रेरकं मोडली जात नाहीत, रक्तात साठतात. मग चित्र हुबेहूब अॅड्रिनल ग्रंथीच्या गाठीसारखं दिसतं, लघवीत कॅटेकोलामाइन्सही, म्हणजे हीच संप्रेरकं, वाढलेली सापडतात. डॉक्टरांना पाऱ्याचं माहीत नसेल तर ते गाठ शोधत बसतात. म्हणून कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी पहिलं वाक्य कामाचं सांगा.

दुसरी वाट किडनीची. पाऱ्यामुळे लघवीतून प्रथिनं जायला लागली की दाब वाढतो, आणि रक्तातलं क्रिएटिनिन तेव्हा अगदी ठीक असू शकतं. पारा घातलेल्या, त्वचा उजळवणाऱ्या क्रीममुळे हे घडलेलं अनेकदा नोंदलं गेलंय. त्यामुळे तुमचं क्रिएटिनिन ठीक आहे यावर मी समाधान मानणार नाही. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर करून घ्या, अल्ब्युमिन हे त्याच प्रथिनांपैकी मुख्य. स्वस्त, साधी तपासणी आहे.

तरीही २८ या पातळीला दाबाचा सगळा बोजा पाऱ्यावर टाकणं बरोबर होणार नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी रक्तदाब वाढणाऱ्या बहुसंख्य लोकांनी पारा कधी हाताळलेलाही नसतो. मीठ, झोप, घरातला इतिहास हे तपासायचंच. पण तुमच्या लिहिण्यातल्या दोन गोष्टी मला खटकल्या. एक म्हणजे नाडी ९६. दुसरी, कामाचं स्वरूप बदललं आणि त्यानंतर दाब वाढला. पूर्वी एक यंत्र उघडून बंद व्हायचं, आता पारा दिवसभर उघडा. पाऱ्याचा हिस्सा आहे असं धरून चालणं शहाणपणाचं.

काही प्रश्न. हात थरथरतात का? कागदावर गोल गोल चकली काढून बघा, रेघ नागमोडी येते का. हिरड्या सुजतात, तोंडाला धातूची चव येते? झोप, चिडचिड? मधूनच घाम येऊन छातीत धडधड? आणि कामाचे कपडे घरी नेता का?

सलाइनबद्दल एवढंच: जाऊ नका. कारण पुढे लिहितो, पेशंट थांबलेत.

प्रयोगशाळेतली

मी जीवरसायनशास्त्र शिकवते. ‘हृदयाचा काही संबंध नाही’ हे वाक्य वाचून राहवलं नाही.

पाऱ्याला गंधकाचं विलक्षण आकर्षण आहे. आपल्या प्रथिनांत जिथे जिथे सिस्टीन आहे तिथे गंधक-हायड्रोजनचा गट असतो आणि पारा तिथे जाऊन बसतो. म्हणून त्याचा परिणाम एकाच अवयवापुरता राहत नाही. पेशीचं संरक्षण करणारं ग्लुटाथायोन हेही गंधकाचंच रेणू, पारा ते खर्च करून टाकतो. गंधकापेक्षाही त्याची ओढ सेलेनियमकडे जास्त. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज आणि थायोरेडॉक्सिन रिडक्टेज ही एन्झाइमं सेलेनियमवर चालतात आणि ऑक्सिडीकरणाचा मारा थोपवतात. पाऱ्यानं तीच जखडली की मारा वाढतो.

रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला हा मारा पहिल्यांदा जाणवतो. ते अस्तर एका पेशीच्या जाडीचं असतं आणि सतत नायट्रिक ऑक्साइड बनवत असतं. त्या वायूमुळे धमनी सैल राहते आणि प्लेटलेट तिला चिकटत नाहीत. ऑक्सिडीकरण वाढलं की नायट्रिक ऑक्साइड बनल्या बनल्या नष्ट होतो. उंदरांना मर्क्युरिक क्लोराइड अगदी कमी मात्रेत काही आठवडे दिल्यावर त्यांच्या धमन्यांत हे दिसलं आहे: सैल होण्याची क्षमता कमी, आकसण्याची जास्त. भर म्हणून एलडीएलचं, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचं ऑक्सिडीकरण, ज्यातून धमनीच्या भिंतीत चरबीचे थर वाढतात. आणि एचडीएलवर, म्हणजे ‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलवर बसलेलं पॅराऑक्सोनेज हे एन्झाइम, जे हे ऑक्सिडीकरण रोखतं, तेही पाऱ्याच्या संपर्कात मंदावतं. कॅनडातल्या नुनाविकमधल्या इन्युइट लोकांत रक्तातला पारा जास्त तिथे या एन्झाइमचं काम कमी, असं आढळलंय. त्याच लोकांत सेलेनियम आणि माशांच्या तेलातलं ओमेगा-३ जास्त असले की ते वाढलेलंही दिसतं. पाऱ्याच्या विषयात हा दुहेरीपणा पुन्हा पुन्हा भेटतो.

उंदरावरून थेट माणसाच्या हार्ट अटॅकवर उडी मारता येत नाही, हे मी विद्यार्थ्यांना बजावते तसं इथेही लिहिते. पण संबंधच नाही असं कुणी म्हणत असेल तर त्याला धमनीचं अस्तर काय काम करतं ते समजून घ्यावं लागेल.

आकडेमोडी

माशांचा मुद्दा मी घेतो. साथरोगशास्त्रात काम करतो आणि या विषयावरचे निबंध बरीच वर्षं वाचत आलोय.

सुरुवात पूर्व फिनलंडमधून झाली. कुओपिओ भागातल्या ४२ ते ६० वयाच्या १,८३३ पुरुषांचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. केसांत ग्रॅममागे २ मायक्रोग्रॅम किंवा जास्त पारा असलेल्यांना हार्ट अटॅकचा धोका इतरांच्या दुप्पट. दहा वर्षांनी त्याच गटाचा पुढचा निकाल आला: माशांतल्या तेलाचा हृदयाला जो फायदा व्हायला हवा तो जास्त पारा असलेल्यांत बोथट झालेला. २००२ मध्ये युरोपातले आठ देश आणि इस्रायल मिळून एक अभ्यास झाला. पहिला अटॅक आलेले ६८४ पुरुष आणि तुलनेला ७२४ निरोगी. पायाच्या नखातला पारा रुग्णांत १५ टक्क्यांनी जास्त निघाला.

इथवर वाचून कुणीही मासे सोडेल. पण त्याच नियतकालिकाच्या त्याच अंकात अमेरिकेतल्या आरोग्य व्यावसायिक पुरुषांचा अभ्यास छापला गेला आणि त्यात असा संबंध सापडला नाही. आता गंमत म्हणून नव्हे तर महत्त्वाचं म्हणून सांगतो: त्या गटात निम्म्याहून जास्त दंतवैद्य होते. त्यांच्या नखांत पारा ग्रॅममागे सरासरी ०.९१ मायक्रोग्रॅम, बाकीच्यांच्या ०.४५. दंतवैद्यांना पारा दातांत भरायच्या मिश्रणाच्या वाफेतून मिळतो, बाकीच्यांना मुख्यतः माशांतून. दोन वेगळे पारे एकाच नखात मोजले गेले. डॉक्टरांनी वर जे वेगळेपण सांगितलं ते आकड्यांत असं नडतं.

२०११ मध्ये दोन मोठ्या अमेरिकी गटांचा एकत्र निकाल आला. पाऱ्याच्या सर्वांत वरच्या गटातही हृदयविकार किंवा पक्षाघाताचा धोका वाढलेला नव्हता, सेलेनियम कमी असलेल्यांतसुद्धा नाही.

मग खरं कोण? माझं मत असं की दोन्ही. फिनलंडची जमीन सेलेनियमला इतकी गरीब की १९८४ साली सरकारनं खतातच सेलेनियम मिसळायचा निर्णय घेतला, आणि हा अभ्यास त्याच सुमारास सुरू झाला. तिथले लोक गोड्या पाण्यातले शिकारी मासे खात, ज्यांत पारा जास्त आणि ओमेगा-३ बेताचं. अमेरिकेतल्या गटांत पाऱ्याची पातळीच खालची. शिवाय मासा हा स्वतःच औषध आणि विष एकत्र घेऊन येतो. ज्याच्या अंगात माशाचा पारा जास्त, त्याच्या अंगात माशाचं तेलही जास्त. हे दोन वेगळे करताना कुठलंही गणित अडखळतं. म्हणून ‘पारा जास्त असूनही धोका नाही’ याचा अर्थ पारा निरुपद्रवी असा मी घेत नाही. तेलानं त्याला झाकलं, असा घेतो.

फॅरो बेटांवरचा अभ्यास वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा. तिथे पारा मुख्यतः पायलट व्हेलच्या मांसातून. आईच्या पोटात असताना ज्यांना तो मिळाला, त्या मुलांचा सातव्या वर्षी रक्तदाब वाढलेला दिसला. चौदाव्या वर्षी दाबातला फरक राहिला नाही, पण हृदयाच्या ठोक्यांमधलं नैसर्गिक कमीजास्त होणं घटलेलं आढळलं. म्हणजे हृदयाचा वेग सांभाळणाऱ्या नसांवर परिणाम. पाऱ्याला मज्जासंस्थेचं विष म्हणून ओळखतात, पण हृदयही त्याच नसांच्या ताब्यात असतं हे लोक विसरतात.

उपकरणवाला, तुमच्यासाठी यातून काय? तुमचा लघवीतला पारा मासे सोडून खाली येणार नाही. मिथाइल पारा मुख्यतः शौचावाटे जातो, लघवीत फारसा येत नाही. तुमच्या रिपोर्टमधला पारा बाकावरचा आहे. मासे चालू ठेवा, फक्त निवड करा. मोठे, दीर्घायुषी शिकारी मासे टाळा. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेच्या मोजणीत तलवार मासा आणि शार्क यांत किलोमागे सरासरी १ मिलिग्रॅमच्या जवळ पारा आहे, तर सार्डिन, अँकोव्ही, सॅमन यांत ०.०१ ते ०.०२ च्या घरात. पन्नास पटींचा फरक. शिजवून किंवा साल काढून पारा जात नाही, तो मांसातल्या प्रथिनाला बांधलेला असतो.

चिमुकलीची आई

मध्येच विचारते, माफ करा. आमच्याकडे थर्मामीटर फुटला आणि चार वर्षांच्या मुलीनं पाऱ्याचा एक थेंब तोंडात घातला असावा. हे सगळं वाचून छातीत धस्स झालं. तिच्या हृदयाला काही होईल का?

सफेद कोट

ताई, नाही. तापाच्या थर्मामीटरमध्ये जेमतेम ग्रॅमभर पारा असतो, आणि गिळलेला धातूरूप पारा न शोषला जाता शौचावाटे निघून जातो. उलटी करवू नका. काच गेली आहे का एवढं मात्र बघा. तोंडातून रक्त, पोटात दुखणं, गिळताना त्रास, यातलं काही असेल तर लगेच दाखवा. आणि जमिनीवरचे थेंब राहू देऊ नका, धोका तिथे आहे. मुलीला दुसऱ्या खोलीत न्या, खिडक्या उघडा, जाड कागदाच्या कडेनं थेंब एकत्र ढकला, ड्रॉपरनं उचलून झाकणाच्या बाटलीत बंद करा. उरलेल्या बारीक थेंबांवर चिकटपट्टी दाबून उचला. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर अजिबात नको. झाडूनं थेंब फुटून पसरतात आणि व्हॅक्यूम गरम हवेबरोबर वाफ खोलीभर उडवतो.

उपकरणवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

डॉक्टर, तुमच्या प्रश्नांची उत्तरं. चकली काढली, रेघ सरळ आली. हिरड्या ठीक. तोंडाला धातूची चव नाही. झोप मात्र बिघडली आहे, पहाटे जाग येते आणि मग डोळा लागत नाही. चिडचिडीबद्दल बायकोला विचारलं, ती म्हणाली पूर्वी तुम्ही मुलांवर असे ओरडत नव्हता. ते ऐकून वाईट वाटलं. घाम आणि धडधड अधूनमधून होते, मी उकाड्यावर ढकलत होतो. अल्ब्युमिनची तपासणी केली, गुणोत्तर ४२ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम आलंय, मर्यादा ३० आहे. कपडे घरीच धुतो, घरच्या कपड्यांबरोबर. अंगठी आत्ता निरखून पाहिली, सोन्याची आहे, आणि खालच्या बाजूला पांढुरकी झाली आहे.

सलाइनचं नेमकं सांगा. तिथे आधी एक औषध देऊन मग लघवी तपासतात आणि त्यात पारा किती निघतो ते दाखवतात. ओळखीच्या एकाचा आकडा फार मोठा आला, तो घाबरून गेलाय.

सफेद कोट

त्या मोठ्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, आणि त्या ओळखीच्यांनाही सांगा. धातू ओढून बाहेर काढणारं औषध आधी दिलं तर कुणाच्याही लघवीत धातू वाढलेला दिसणारच, निरोगी माणसाच्याही. आणि तिथे तो आकडा तोलतात औषध न घेतलेल्या लोकांच्या मर्यादेशी. अमेरिकेतल्या विषशास्त्र डॉक्टरांच्या महाविद्यालयानं या चाचणीविरुद्ध २००९ पासून स्पष्ट भूमिका घेतली आहे.

दुसरं, अशा ठिकाणी बहुधा ईडीटीए देतात. ते शिशासाठी चालतं, पाऱ्यासाठी नव्हे. हृदयासाठी म्हणूनही ते तपासलं गेलंय. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या मधुमेहींवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल २०२४ मध्ये आला: रक्तातलं शिसं खूप उतरलं, पण हृदयाच्या घटना कमी झाल्या नाहीत. आणि शिशासाठीच्या कॅल्शियमयुक्त ईडीटीएऐवजी डायसोडियम ईडीटीए चुकून दिलं गेलं तर रक्तातलं कॅल्शियम एकदम कोसळतं. त्यानं मृत्यू झालेले आहेत, त्यांत मूलही होतं. पाऱ्यासाठीची खरी औषधं डीएमएसए आणि डीएमपीएस. लक्षणं ठळक आणि पातळी खूप वर असेल तेव्हा ती रुग्णालयात, विषशास्त्राच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. संपर्क चालू असताना ती घेण्यात अर्थच नाही. आज काढलेला पारा उद्या परत भरेल.

तुमच्याकडे आता एकत्र काय दिसतंय पाहा. अल्ब्युमिन मर्यादेच्या वर, नाडी जलद, घाम, धडधड, झोप आणि स्वभाव बदललेला. अल्ब्युमिन वाढलेल्या दाबामुळेही जाऊ शकतं, म्हणून ती तपासणी पुन्हा करायची. पण हे सगळं ओळीनं वाचल्यावर माझं मत पहिल्या उत्तरापेक्षा पक्कं झालंय. संपर्क तोडायलाच हवा. चिडचिड हे पाऱ्याचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे, तुमच्या स्वभावाचा दोष नव्हे. घरी तसं सांगा.

तुमच्या डॉक्टरांना भेटून ईसीजी आणि लघवीतले मेटानेफ्रिन्स (अॅड्रेनालिन मोडल्यावर उरणारे पदार्थ) करायला सांगा. त्याबरोबर थायरॉइड, कारण जलद नाडी, घाम आणि चिडचिड तिथूनही येते. दाब घरी सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा. अॅल्ब्युमिन वाढलेलंच राहिलं तर किडनीला जपणारं दाबाचं औषध जोडायचं का, हे ते ठरवतील.

कामाचं. रिकामी करायचं काम तूर्त थांबवा. निदान महिना-दोन महिने येणारी यंत्रं न उघडता, टाकीची खिटी बंद करून, उभी ठेवून साठवा. तेवढ्यानं पोटावर येणार नाही अशी आशा करतो, कारण दुरुस्ती चालू ठेवता येईल. तीही खिडकी उघडून आणि बाहेर हवा फेकणारा पंखा बाकाच्या पातळीला बसवून. पंख्याची तोंडं दुसऱ्याच्या खिडकीकडे नकोत. गाळणं आणि ओतणं खोल, गुळगुळीत ट्रेमध्ये करा, म्हणजे सांडलेलं ट्रेमध्येच राहील. लाकडी बाक असेल तर बदला, त्याच्या भेगांत थेंब बसतात आणि वर्षानुवर्षं वाफ सोडतात. बरणीतल्या पाऱ्यावर पाण्याचा थर ठेवा आणि झाकण घट्ट लावा. धुळीचा साधा मास्क वाफ अडवत नाही. पाऱ्यासाठीचं वेगळं फिल्टर मिळतं, त्यावर Hg, हे पाऱ्याचं रासायनिक चिन्ह, लिहिलेलं असतं आणि ५० तासांनी ते बदलायचं असतं. जमलं तर कुणाकडून तरी खोलीतली वाफ मोजून घ्या, त्यासाठी यंत्र असतं. अंगठी काम करताना काढून ठेवा, सोनं पारा पकडून ठेवतं आणि घरी घेऊन येतं.

कपडे आणि चपला आजपासून कामाच्या जागीच. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात १९८० च्या दशकात थर्मामीटर कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांची लघवी तपासली, तेव्हा त्यांच्यात पारा शेजारच्या मुलांपेक्षा स्पष्ट जास्त निघाला. ती मुलं कारखान्यात कधी गेलीही नव्हती, पारा आई-वडिलांच्या कपड्यांबरोबर घरी आला होता. तुमच्या मुलांचीही एकदा लघवी तपासून घ्या. घाबरण्यासाठी नव्हे, निश्चिंत होण्यासाठी.

संपर्क थांबला की लघवीतला पारा साधारण दोन महिन्यांत निम्म्यावर येतो. म्हणून पुढची तपासणी दोन ते तीन महिन्यांनी. केसांची तपासणी तुमच्या कामाची नाही. वाफ केसांना बाहेरून चिकटते, आकडा फसवा येतो. लघवी सकाळची पहिली, कामावर जायच्या आधी, घरी, हात धुऊन, कामाचे कपडे अंगावर नसताना, प्रयोगशाळेनं दिलेल्या बाटलीत. क्रिएटिनिनसह मागवा आणि त्याच प्रयोगशाळेत द्या. इथे कळवाल तेव्हा आकड्याबरोबर एककही लिहा. प्रति लिटर आणि प्रति ग्रॅम क्रिएटिनिन यांची सरमिसळ झाली तर २८ शी तुलनाच करता येणार नाही.